सातासमुद्रापलीकडून आलेली मास्तरीणबाई आणि आपल्या कोपीवरची मुले

शिकलेली तरुण मुले-मुली हल्ली सुटीत परदेशी जातात आणि तिथल्या लहान मुलांना शिकवून येतात. कोणी नेपाळच्या डोंगरात जातो, कोणी आफ्रिकेत. दोन-चार आठवडे राहायचे, गाणी शिकवायची, अक्षरे गिरवून घ्यायची आणि परत यायचे. पगार नसतो, उलट पदरचा पैसा खर्च होतो. आपल्या मिरजगाव भागातल्या कोणाच्या भाच्या-पुतण्याने असा प्रवास केला, की गावात त्याचे कौतुक होते. ते व्हायलाही हवे. परक्याच्या लेकराला मांडीवर घेऊन शिकवावेसे वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे.

पण शेतकरी बंधू-भगिनींनो, या वाटेवरून उलट्या दिशेने आपल्या नगर जिल्ह्यात आलेल्या एका बाईची गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. ती आज सांगायची आहे. आणि ती सांगताना आपल्याच बांधावरच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांविषयीही चार शब्द बोलायचे आहेत.

फॅरारबाई

बाईंचे नाव सिंथिया फॅरार. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर परगण्यातल्या मार्लबरो या लहानशा गावी 1795 साली त्यांचा जन्म झाला. शिक्षिकेचा पेशा होता, लग्न केलेले नव्हते. मुंबईत अमेरिकन मिशनने मुलींच्या शाळा काढल्या होत्या, पण त्या सांभाळायला शिक्षिका मिळेना. मिशनने बाईंना विचारले आणि त्या तयार झाल्या. वय बत्तीस वर्षांचे. एकट्या अविवाहित बाईला असे परदेशी कामावर पाठवण्याची त्या मिशनची ही पहिलीच वेळ होती.

1827 च्या जूनमध्ये बाई बोस्टनहून जहाजात बसल्या आणि मुंबईला पोचल्या ते डिसेंबर संपता संपता. सुएझचा कालवा तेव्हा झाला नव्हता, तो 1869 चा. म्हणजे शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून यायचे. आपल्याकडे मृगाची पेरणी करावी आणि त्या रानातली ज्वारी हुरड्यावर येईपर्यंत माणूस पाण्यावरच असावा, असा तो प्रवास.

मुंबईत उतरल्यावर भाषा येत नव्हती. मुलींना शाळेत घालणे म्हणजे घराण्याला बट्टा, असे मानणारा तो काळ. शिकलेली मुलगी लवकर विधवा होते, असा समज घरोघरी होता. त्यात बाई परधर्माच्या. धर्मप्रसार हा त्या मिशनचा उघड हेतू होता, लपवाछपवी नव्हती. लोकांच्या मनात शंका असणार हे उघडच आहे. तरीही बाई मराठी शिकल्या, घराघरांतून मुली गोळा केल्या, आणि दोन वर्षांत त्यांच्या शाळांच्या पटावर चारशेवर मुली आल्या.

पुढे प्रकृती ढासळली म्हणून 1837 मध्ये त्या मायदेशी परतल्या. दहा वर्षे काम झाले होते. घरी राहिल्या असत्या तर कोणी नाव ठेवले नसते. पण 1839 मध्ये त्या पुन्हा निघाल्या, आणि या खेपेला मुंबईला न राहता अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आल्या. तिथे मुलींच्या शाळा चालवल्या. त्यानंतर त्या परत गेल्याच नाहीत. 25 जानेवारी 1862 रोजी नगरलाच त्यांचे निधन झाले. वय सहासष्ट. आपल्या मातीतच त्यांची माती झाली.

एका शाळेतून दुसरी

आता या कामाला फळ काय आले ते पाहा. जोतीराव फुले यांचे एक मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे हे नगरला नोकरीला होते. त्यांच्याबरोबर जोतीराव फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहायला गेले. मुली बसून वाचताहेत, लिहिताहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आपल्या देशात मुली शिकू शकतात आणि त्यांना शिकवणाऱ्या बायाही तयार होऊ शकतात, हे त्यांच्या मनाने घेतले. 1848 साली त्यांनी पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेच्या कामाचे धडे नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंकडे घेतले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे.

आम्ही विस्तार खात्यातली माणसे. आमच्या कामात याला प्रात्यक्षिक म्हणतात. शेतकऱ्याला दहा व्याख्याने दिली तरी तो नवीन वाण पेरत नाही. शेजाऱ्याच्या रानात पीक उभे दिसले की दुसऱ्या वर्षी न सांगता पेरतो. फॅरारबाईंची नगरची शाळा म्हणजे असाच एक प्रात्यक्षिक प्लॉट होता. तो पाहून जोतीरावांनी पुण्यात पेरणी केली, आणि त्या पेरणीचे धान्य आज आपल्या घरोघरी आहे. आपली लेक बारावीला बसते, सून ग्रामपंचायतीत सही करते, त्याच्या मुळाशी ही माणसे आहेत.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रात्यक्षिक एका दिवसात होत नाही. पेरणी, निंदणी, काढणी सगळे लोकांना दिसावे लागते. एका मेळाव्याला येऊन फोटो काढून गेलेल्या साहेबाच्या सांगण्यावरून कोणी ठिबक बसवत नाही. गावात तीन हंगाम येत राहिलेल्या माणसाचे लोक ऐकतात. फॅरारबाईंच्या शाळेला किंमत आली ती त्या टिकून राहिल्या म्हणून. मुंबई आणि नगर मिळून बत्तीस-तेहतीस वर्षे.

बोर्डीची कुरणशाळा

दुसरी गोष्ट आपल्याच माणसांची आहे. ताराबाई मोडक यांचा जन्म 1892 चा. इटलीच्या मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये गरिबांच्या वस्तीत बालगृह काढले आणि लहान मुले हाताने काम करत, खेळत शिकतात हे जगाला दाखवून दिले. ती पद्धत गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका राबवत होते. ताराबाई त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला.

पण ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट खात होती. ही बालमंदिरे शहरात आणि खर्चिक. खेड्यातल्या मुलाला ती कुठून मिळणार? म्हणून 1945 साली त्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीला गेल्या. त्यांच्या हाकेला ओ देऊन पुण्याच्या हुजूरपागेतल्या शिक्षिका अनुताई वाघ तिथे आल्या. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, पुढे स्वतःच्या जिद्दीने शिकलेल्या. बोर्डीला त्या आल्या आणि त्यांनी उरलेले सारे आयुष्य त्या कामाला दिले. 1957 च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर गेले. 1992 मध्ये अनुताई गेल्या, तोवर त्या तिथेच होत्या.

पुण्याहून आलेल्या बाईला वारल्यांचा पाडा म्हणजे परमुलूखच होता. बोली वेगळी, खाणे वेगळे, रीत वेगळी. बालवाडी उघडली तरी आदिवासींची मुले येईनात. तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. मुले येत नाहीत तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ, असे ठरवले. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरू लागली, तीच अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

काही मुले गुरे राखायला जात. त्यांच्यासाठी शाळा कुरणात नेली. गुरे चरताहेत आणि झाडाखाली मुले शिकताहेत, अशी ती कुरणशाळा. शिकवायला साहित्य काय? पाने, बिया, शंख-शिंपले, खडे, माती. विलायती लाकडी साहित्याची जागा रानातल्या वस्तूंनी घेतली आणि त्यामुळे मुलांचे काही अडले नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट त्यांना कळली ती मोठ्या बहिणीची. आठ-नऊ वर्षांची पोर शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ आहे. आई-बाप कामावर गेलेले. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिन्ही एकाच ठिकाणी आणली. तिला विकासवाडी म्हणत. धाकट्याला पाळण्यात ठेवायचे, मधल्याला बालवाडीत, आणि थोरलीने वर्गात बसायचे. धाकट्याची सोय झाली आणि थोरलीची शाळा सुटली नाही.

आपल्या कोपीवर काय चालले आहे?

ही कडेवर भाऊ घेतलेली पोर आपल्याला नवीन नाही. कर्जत, जामखेड, पाथर्डी आणि पलीकडच्या आष्टी-पाटोद्याच्या गावांतून दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रकवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चूल, भांडी, बिऱ्हाड आणि त्यावर मुले. कारखाने बंद होईपर्यंत पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत. आई-बाप पहाटे अंधारात फडावर जातात. मागे कोपीवर पाणी भरायला आणि तान्ह्याला सांभाळायला राहते ती थोरली मुलगी. उन्हाळ्यात गावी परत येते तेव्हा वर्गातली मुले पुढे गेलेली असतात. दोन वर्षे असे झाले, की तिची शाळा सुटते. पुढे लवकर लग्न, आणि मग तिचाही कोयता.

कायद्याने 1 एप्रिल 2010 पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क मिळाला आहे. पण आई-बाप हलले की मूलही हलते. एखादी योजना आहे म्हणून मूल आपोआप वर्गात जाऊन बसत नाही. मध्ये कोणीतरी माणूस उभा राहावा लागतो. फॅरारबाई उभ्या राहिल्या, ताराबाई-अनुताई उभ्या राहिल्या. आता आपण काय करू शकतो, ते पाहू.

पहिले, मूल गावातच ठेवता आले तर उत्तम. टोळ्या जाण्याआधी शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. आजी-आजोबांजवळ मूल राहणार असेल तर मुख्याध्यापकांना वेळेवर सांगा, म्हणजे त्याच्या जेवणाची सोय योजनेत बसते का ते पाहता येते. घरात आजीचे वय झालेले असेल तर शेजारणीने सकाळी एकदा डोकावले तरी मोठा आधार होतो.

दुसरे, मूल बरोबर न्यावेच लागत असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या आणि ते रेशनकार्डाइतके जपून न्या. जिथे कोपी पडेल तिथल्या जवळच्या शाळेत ते दाखवले की मुलाला बसवून घ्यायला हवे. परत आल्यावर पुन्हा आपल्या शाळेत. अशाने वर्षाची साखळी तुटत नाही.

तिसरे सांगणे कॉलेजात शिकणाऱ्या पोरा-पोरींना. तुम्हाला परदेशी जाऊन शिकवण्याची संधी मिळाली तर जरूर जा, जग पाहून या. पण जे कारखान्याच्या भागात राहतात त्यांना परमुलखातली मुले कोसावर आहेत. संध्याकाळी एक तास कोपीवर जा. पाटी-खडू नसला तरी चालेल. चिंचोके आणि ज्वारीचे दाणे मोजायला घ्या, दहा-दहाचे ढीग करायला लावा. वाढ्याच्या मोळ्या मोजा, उसाच्या कांड्यांवरून बेरीज-वजाबाकी होते. मातीत काडीने अक्षर काढा. मुलाची जी घरची बोली असेल तिच्यातच बोला, त्याच्या शब्दाला हसू नका. धाकटे भावंड बरोबर आले तर त्याला हाकलू नका. त्याच्यापुढे चार खडे टाका, तोही बसेल आणि थोरलीही बसेल.

फक्त एक अट पाळा. एकदा सुरू केले की हंगाम संपेपर्यंत जा. आठवडाभर जाऊन नंतर न फिरकणाऱ्या माणसाची मुले वाट पाहतात, आणि दुसऱ्या कोणी आले तर त्याच्याजवळ लवकर जात नाहीत. एक दिवस चुकणार असेल तर आदल्या दिवशी मुलांना सांगा.

चौथे, बागायतदार शेतकरी बंधूंनो, तुमच्या उसाच्या तोडीसाठी ही माणसे येतात. तुमच्या वस्तीवरची एक पडवी, एक दिवा आणि प्यायचे पाणी संध्याकाळी तासभर या मुलांना मिळाले तर तुमचे काही कमी होत नाही. तुमच्या घरातली शिकलेली सून किंवा मुलगी तिथे बसली, तर ती शाळाच झाली.

आपल्या भागात सीना धरण झाले, रस्ते झाले, शाळांच्या इमारती झाल्या. फॅरारबाईंच्या काळी यातले काहीच नव्हते. सहा महिन्यांचा समुद्र ओलांडून एक बाई परक्यांच्या मुलींना शिकवायला नगरला येऊन राहिली. आपल्याला तर फडाचा बांध तेवढा ओलांडायचा आहे. येत्या दसऱ्याला टोळ्या निघण्याआधी आपल्या गावातून किती मुले जाणार आहेत याची एक यादी शाळेत बसून करा, आणि प्रत्येक नावापुढे त्या मुलाची काळजी कोण घेणार, ते लिहून ठेवा.