बेमेळ पिस्तुलाची गोष्ट

अमेरिकेत २०१८ साली एका आगळ्या विक्रीला सुरुवात झाली. लष्कराच्या कोठारांत वर्षानुवर्षे पडून राहिलेली जुनी पिस्तुले ‘सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम’ या नेमबाजीचा प्रसार करणाऱ्या संस्थेमार्फत नागरिकांना विकायला काढण्यात आली. पिस्तूल होते ‘एम १९११’. पहिल्या महायुद्धापासून व्हिएतनामपर्यंत अमेरिकी सैनिकांच्या कमरेला असलेले. अर्जदारांचे क्रमांक सोडत पद्धतीने लावले गेले. पिस्तुलाच्या अवस्थेप्रमाणे ८५० ते १,०५० डॉलर अशी किंमत होती आणि तेवढी मोजायला हौशी लोक आनंदाने तयार होते.

असे पिस्तूल घरी आले की त्याचा नवा मालक पहिले काम करतो ते म्हणजे ते सुटे करून टेबलावर मांडणे. आणि इथेच अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. खालचा सांगाडा असतो कोल्ट कंपनीचा, वरच्या सरकत्या भागावर नाव निघते रेमिंग्टन रँडचे, नळीवरची बारीक अक्षरे तिसऱ्याच कारखान्याकडे बोट दाखवतात आणि गोळ्यांचे मॅगझिन चौथ्याच ठिकाणी तयार झालेले असते. एकाचे डोके, दुसऱ्याचे धड! घेणाऱ्याला वाटते, आपल्या गळ्यात भलताच माल पडला. सर्व भाग मूळचे असलेले पिस्तूल संग्राहकांच्या बाजारात मोठी किंमत मिळवते. असल्या सरमिसळ नगाला ते ‘बेमेळ’ म्हणून नाक मुरडतात.

पण जरा थांबून विचार केला तर या नाराजीत एक मोठी गंमत दडलेली आहे. चार कारखान्यांत, चार वेगवेगळ्या वर्षी, एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या कामगारांनी केलेले हे तुकडे एकत्र येतात, नीट बसतात आणि पिस्तूल चालते! हे आपल्याला आज इतके साधे वाटते की त्याचे नवल वाटत नाही. कुकरची रिंग झिजली की आपण दुकानात जाऊन कंपनी आणि लिटर सांगतो, नवी रिंग आणतो आणि संध्याकाळचा भात त्याच कुकरमध्ये लागतो. रिंग बसेल की नाही, अशी शंकाही मनात येत नाही. हा विश्वास मात्र माणसाला फुकट मिळालेला नाही. त्यासाठी दीडशे वर्षे खटपट करावी लागली आणि ती खटपट प्रामुख्याने झाली ती बंदुकांच्या कारखान्यांत.

कानशीचे राज्य

आपल्या आजीच्या काळातले पितळी डबे आठवून पाहा. दिसायला सगळे सारखे. पण एकाचे झाकण दुसऱ्याला लावायला जावे तर ते घट्ट तरी बसे, नाही तर डुगडुगे. हाताने ठोकलेल्या वस्तूचा तो धर्मच आहे. जुन्या ठासणीच्या बंदुकाही अशाच होत्या. कारागीर एक भाग घडवी, तो दुसऱ्याला लावून पाही, कानशीने जरासा घाशी, पुन्हा लावून पाही. असे करत करत एक बंदूक पुरी होई. ती उत्तम चाले, पण तिचा चाप फक्त तिचाच. रणांगणावर दोन बंदुका मोडल्या तर दोन्हींतले चांगले भाग घेऊन एक धड बंदूक करता येत नसे. स्क्रू तुटला तरी लोहार शोधावा लागे. शत्रू समोर असताना लोहार शोधण्याची पाळी आलेल्या शिपायाची अवस्था काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

ही अडचण सोडवण्याचा गंभीर प्रयत्न केला तो ऑनोरे ब्लांक या फ्रेंच कारागिराने. १७८५ साली थॉमस जेफरसन हे अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसमध्ये होते. ब्लांकने त्यांच्यासमोर पन्नास बंदुकांच्या चाप-यंत्रणा सुट्या करून कप्प्या-कप्प्यांत ठेवल्या. जेफरसन यांनी हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही यंत्रणा जोडून पाहिल्या आणि त्या बिनचूक जुळल्या. भारावलेल्या जेफरसन यांनी ही हकीकत पत्राने मायदेशी कळवली. पुढे हेच गृहस्थ अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

कल्पना अमेरिकेत रुजली खरी, पण ती प्रत्यक्षात येण्याआधी तिचा डंकाच फार वाजला. एली व्हिटनीने १७९८ साली सरकारला सुमारे दोन वर्षांत दहा हजार बंदुका करून देण्याचा करार केला. १८०१ मध्ये त्याने वॉशिंग्टनमध्ये बड्या लोकांसमोर सुटे भाग जोडून दाखवले आणि वाहवा मिळवली. दहा हजारावी बंदूक मात्र १८०९ साली पोचली! विसाव्या शतकात अभ्यासकांनी व्हिटनीच्या बंदुका उघडून तपासल्या तेव्हा असे दिसले, की त्यांचे भाग एकमेकांत बदलता येत नव्हते. काहींवर तर कोणता भाग कोणत्या बंदुकीचा याच्या खुणा होत्या. शाळेच्या पुस्तकांतून मोठा झालेला हा पराक्रम बराचसा प्रदर्शनापुरता होता.

१८१३ साली सिमियन नॉर्थ या कनेक्टिकटमधील कारखानदाराशी वीस हजार पिस्तुलांचा करार झाला. कोणत्याही पिस्तुलाचा कोणताही भाग उरलेल्या सगळ्या पिस्तुलांना बसला पाहिजे, अशी अट त्यात स्पष्ट लिहिली होती. कागदावर लिहायला एक ओळ पुरली. लोखंडात उतरवायला आणखी पिढी-दीड पिढी गेली.

दहा बंदुका आणि एक पेचकस

ही मधली वर्षे सुखाची नव्हती. कारागिराच्या हातातली कानस काढून घ्यायची आणि तिच्या जागी यंत्र, साचा व मापपट्टी आणायची, म्हणजे त्याचे कसबच काढून घेण्यासारखे होते. पूर्वी तो मनाने येई-जाई, काम संपले की मोकळा होई. आता घड्याळ आले, तपासनीस आला. हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेत कडक शिस्त आणू पाहणारे अधीक्षक टॉमस डन यांना १८३० साली एका कारागिराने गोळी घालून ठार केले. सुट्या भागांच्या इतिहासात हेही एक पान आहे. आपण ज्याला प्रगती म्हणतो, तिची किंमत कोणी ना कोणी मोजलेली असते.

अखेर १८५० च्या सुमारास स्प्रिंगफिल्ड शस्त्रशाळेत हे स्वप्न साकार झाले. ते पाहायला इंग्रजांची समिती आली. इंग्रज कारखानदारांचा यावर विश्वास नव्हता. समितीने १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतली दरवर्षीची एक, अशा दहा बंदुका स्वतःच्या हाताने निवडल्या. त्या सुट्या करवून सगळे भाग पेट्यांत मिसळून टाकले. मग एका कामगाराला त्या जोडायला सांगितले. त्याने एक पेचकस घेतला आणि दहाही बंदुका उभ्या केल्या. ना कानस, ना हातोडी. इंग्रजांनी मुकाट्याने अमेरिकी यंत्रांची मागणी नोंदवली आणि ती लंडनजवळच्या एनफिल्ड कारखान्यात बसवली.

आणि रिव्हॉल्व्हरसाठी जगप्रसिद्ध झालेला सॅम्युएल कोल्ट? त्याच्याकडे यंत्रे भरपूर होती, पण अखेरचा हात कानशीचाच असे. म्हणून तर कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर, सांगाड्यावर, फिरत्या चक्रावर एकच क्रमांक ठोकलेला आढळतो. एकमेकांना घासून बसवलेली ही मंडळी पॉलिश करताना एकमेकांपासून हरवू नयेत, हा त्यामागचा हेतू. संग्राहक आज ज्या जुळत्या क्रमांकांसाठी जीव टाकतात, त्यांचा मूळ अर्थ ‘हा भाग दुसरीकडे बसणार नाही’ असाही होता!

शिवणयंत्र, टंकयंत्र, पिस्तूल

बंदुकांच्या कारखान्यांत शिकलेले कारागीर पुढे इतर धंद्यांत गेले आणि ही विद्या घरोघर पोचली. आपल्याकडे आई-आजीच्या लुगड्याइतकेच परिचयाचे असलेले सिंगर शिवणयंत्र घ्या. सिंगर कंपनीलासुद्धा १८८० च्या दशकापर्यंत यंत्रांचे भाग कानशीने घासून बसवावे लागत आणि त्यांवर क्रमांक ठोकावे लागत. बंदुका करणाऱ्या ई. रेमिंग्टन अँड सन्स कंपनीने शिवणयंत्रे काढली आणि १८७३-७४ मध्ये टंकयंत्रही बाजारात आणले. कोर्टाबाहेर झाडाखाली बसून अर्ज टंकणाऱ्यांच्या पुढ्यात आपण पाहिलेले रेमिंग्टन त्याच घराण्यातले. मराठी टंकलेखनाची जी कळपाटी ‘रेमिंग्टन’ म्हणून ओळखली जाते, तिच्या नावातही तोच वारसा आहे.

मग दुसरे महायुद्ध आले आणि चक्र उलटे फिरले. जॉन ब्राउनिंगने रचलेले आणि १९११ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले पिस्तूल लाखांनी हवे होते. एकट्या कोल्टला ते जमणारे नव्हते. तेव्हा सरकारने काम वाटून दिले. सिंगर कंपनीने नमुन्यादाखल अवघी ५०० पिस्तुले केली. रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या ‘युनियन स्विच अँड सिग्नल’ने केली, शिकारी बंदुका करणाऱ्या इथाका कंपनीने केली. सर्वांत जास्त, सुमारे पावणेनऊ लाख पिस्तुले केली ती टंकयंत्रे करणाऱ्या रेमिंग्टन रँडने. नळ्या आणखी तिसऱ्याच कंपन्यांकडून येत आणि मॅगझिन करणाऱ्यांत तर विजेवर चालणारी दाढीची यंत्रे करणारा कारखानाही होता. म्हणजे १९४४ साली पेटीतून काढलेले कोरे करकरीत पिस्तूलही काही प्रमाणात सरमिसळच असे!

हे सारे सुरळीत झाले असे समजू नये. १९४३ च्या मार्चमध्ये रेमिंग्टन रँडचे पिस्तूल-उत्पादन चक्क थांबवावे लागले, कारण तिथले भाग इतरांच्या पिस्तुलांना बसेनात. युद्ध ऐन भरात असताना कारखाना थांबवणे सोपे नव्हते. पण न बसणारा भाग सैनिकाच्या हाती जाऊ देण्यापेक्षा ते परवडले. व्यवस्थापनात बदल झाले, तपासणी कडक झाली आणि मे महिन्यात काम पुन्हा सुरू झाले.

खडखडाटाचे गणित

लष्करी १९११ हातात धरून हलवले तर ते थोडेसे खडखडते. नव्या मालकाला ही दुसरी शंका येते: एवढे ढिले कसे? तर ही ढिलाई हिशेबाने दिलेली असते. प्रत्येक भागाला मोठ्यात मोठे आणि लहानात लहान असे दोन आकडे ठरवून दिलेले असतात. त्या दोहोंच्या मध्ये माप आले की भाग पास. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या शेडमध्ये लेथवर काम करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. ‘गो’ आणि ‘नो गो’ अशी दोन टोके असलेले गेज तो रोज वापरतो. सर्वांत जाड भाग सर्वांत अरुंद खाचेत गेला पाहिजे. मग सर्वांत बारीक भाग सर्वांत रुंद खाचेत थोडा हलणारच. चिखलात, धुळीत चालायचे तर थोडी मोकळीक लागतेच.

पण नेम धरून स्पर्धा जिंकायची असेल तर हीच मोकळीक आड येते. म्हणून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांसाठी लष्करी मिस्त्री हीच पिस्तुले घेऊन त्यांचे भाग पुन्हा हाताने घट्ट बसवत. म्हणजे कानस परत आली! असे पिस्तूल अधिक अचूक होते, पण मग त्याचा भाग दुसऱ्याला चालत नाही. दोन्ही गुण एकाच वेळी मिळत नाहीत. कशासाठी हवे, ते आधी ठरवावे लागते.

बसण्याचा आणखी एक प्रकार म्हणजे हातात बसणे. पहिल्या महायुद्धाच्या अनुभवानंतर १९२० च्या दशकात या पिस्तुलाचा चाप आखूड केला, त्याच्या मागे सांगाड्याला दोन्ही बाजूंनी खळगे दिले, मुठीचा मागचा भाग फुगीर केला आणि घोड्याने हाताला चिमटा घेऊ नये म्हणून वरचे शेपूट लांबवले. भाग एकमेकांना बसले तरी माणसाच्या पंजाला बसले पाहिजेत, हे युद्धातल्या वापराने शिकवले.

क्रमांकाची किंमत

१९४५ नंतर अमेरिकी लष्कराने ही पिस्तुले जवळजवळ नव्याने घेतलीच नाहीत. तरी १९८५ मध्ये बेरेटा पिस्तूल येईपर्यंत तीच वापरात होती. चाळीस वर्षे जुन्यावर निभावले ते याच अदलाबदलीमुळे. पिस्तुले दुरुस्तीला आली की शस्त्रशाळेत सगळी सुटी होत, भाग धुऊन-तपासून ढिगात जात, झिजलेले बाद होत आणि उरलेल्यांतून पुन्हा पिस्तुले उभी राहत. कोणता सांगाडा कोणाचा, हे पाहण्याची गरजच नव्हती. कायद्याच्या दृष्टीने अमेरिकेत क्रमांक असलेला सांगाडा म्हणजेच पिस्तूल. बाकीचे सारे बदलले तरी ओळख तीच राहते. आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातही हत्यारावरच्या ओळखखुणेला असेच महत्त्व आहे.

बाजाराचा न्याय मात्र वेगळा. क्रमांक जुळणाऱ्या जर्मन लुगर पिस्तुलाला बेमेळ लुगरपेक्षा कितीतरी अधिक दाम मिळतो. मग लबाड मंडळी जुने क्रमांक घासून त्यावर नवे ठोकतात. भाग तेच, पिस्तूल तेच. खोटी फक्त कुंडली! जुन्या वस्तूंचा शौक असणाऱ्यांना अस्सलपणाचा आग्रह धरण्याचा हक्क जरूर आहे. पण अस्सल म्हणजे काय, याचे उत्तर वस्तू कशासाठी केली होती यावरही ठरते. लुगर घडवणाऱ्यांनी भागांवर क्रमांक घातले, कारण ते भाग एकमेकांचे होते. १९११ घडवणाऱ्यांनी मात्र ते कोणाचेही होऊ शकतील अशा बेताने केले.

शस्त्र हे शेवटी शस्त्र आहे. माणसाला मारण्यासाठी केलेल्या वस्तूचे कौतुक करताना मन थोडे अडखळते आणि अडखळावेच. पण याच वस्तूच्या पायी शिकलेली गोष्ट शिवणयंत्रात आली, सायकलीत आली, पाण्याच्या पंपात आली. शेतातला पंप भर उन्हाळ्यात बंद पडतो, तालुक्याच्या दुकानातून एक वॉशर आणि एक बेअरिंग येते, पाणी पुन्हा वाहू लागते आणि एखाद्याचे पीक वाचते. ते बेअरिंग करणाऱ्याने हा पंप कधी पाहिलेला नसतो. सांगितलेले माप त्याने इमानाने पाळलेले असते, एवढेच.