शिफारशीची भाषा

कृषिविस्तार म्हणजे संशोधनकेंद्रातील ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्याचे कार्य. त्याचा विचार बहुधा शेतीशास्त्र व प्रशासन यांच्या अंगाने होतो. तो भाषेच्या अंगानेही व्हावयास हवा, कारण बांधावर प्रत्यक्षात पोचते ते एक वाक्य असते.

समजा, एखाद्या पिकाची शिफारस 'हेक्टरी १०० किलो नत्र' अशी आहे. वाक्य शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु दहा गुंठ्यांत भाजीपाला करणारा शेतकरी जमीन गुंठ्यांत मोजतो, आणि दुकानातून आणतो ती युरियाची ४५ किलोंची गोणी. युरियात नत्र ४६ टक्के असते. तेव्हा १०० किलो नत्रासाठी सुमारे २१७ किलो युरिया लागतो. दहा गुंठे म्हणजे हेक्टराच्या दशांशाहून किंचित अधिक. त्यांना सुमारे २२ किलो, म्हणजे जवळजवळ अर्धी गोणी पुरते, आणि तीही एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावयाची असते. हे गणित लिहिणाऱ्याने केले नाही, तर ते ऐकणाऱ्यावर पडते. 'नत्र' म्हणजे युरियाच असे त्याने मानले, तर पिकाला निम्म्याहूनही कमी नत्र मिळते. मग आपण त्याला अडाणी म्हणतो!

उलट प्रकारही आहे. पाऊस ओसरल्यावर माती ओलसर पण भुसभुशीत असते, मोठ्या पोकळ्यांतील पाणी निचरून तेथे हवा शिरलेली असते. या अवस्थेला शेतकरी 'वाफसा' म्हणतो. विस्ताराच्या मराठीने हा शब्द जसाच्या तसा स्वीकारला, हे उत्तम झाले. मात्र शहरात गच्चीवर कुंड्यांतून भाजी पिकवणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाला नत्र पाठ्यपुस्तकामुळे कळते, वाफसा कळत नाही. तो रोज पाणी घालून मुळे कुजवतो. त्याला हेक्टरही निरुपयोगीच. त्याचे माप कुंडी.

एकच पत्रक या दोघांना पुरणार नाही. २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरची योजना भाषादृष्ट्या मला महत्त्वाची वाटते ती यासाठी. बावीस भाषांतून उत्तरे देण्याची सोय तिच्यात आहेच. पण दूरध्वनीवर शेतकरी 'म्हणजे किती?' असे मध्येच विचारू शकतो. छापील पत्रकाला असे अडवता येत नाही.

आपल्या विद्यार्थ्यांनी अशी चार पत्रके घेऊन दोन्ही प्रकारच्या श्रोत्यांना वाचून दाखवावीत, आणि कोण कोणत्या शब्दापाशी थांबवतो याची नोंद करावी.