चार एकर मुरूम

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या मुलाला मोटारसायकलची ओळख करून द्यावी लागत नाही. एका अंगाला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन, दुसऱ्या अंगाला संत एकनाथ रंगमंदिर, पलीकडे पीर बाजार. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस वाळूजच्या एमआयडीसीत कामाला आहे, नाहीतर तिथूनच निवृत्त झालेला आहे. घरात शिफ्टच्या, लाइनच्या, रिजेक्शनच्या गोष्टी चालतात आणि मुलगा त्या ऐकत मोठा होतो. दहाव्या-बाराव्या वर्षी त्याला क्लच प्लेट कशी दिसते हे माहीत असते आणि गाडीच्या आवाजावरून मॉडेल सांगता येते.

वाळूजच्या बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन १९८५ मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. १६ महिन्यांत उभा राहिलेल्या त्या कारखान्याने या शहराचे नशीब बदलले. त्याच्या मागोमाग एन्ड्युरन्स वाढली, व्हॅरॉक वाढली, आणि दुचाकीचा शॉक अब्सॉर्बर, क्लच, ब्रेक, दिवे, प्लास्टिकचे भाग असे बरेच काही इथे बनू लागले. एन्ड्युरन्सने तर दुचाकींच्या चाचण्यांसाठी स्वतःचा ट्रॅक याच परिसरात बांधला. आता बिडकीनला एथरच्या विजेवरच्या स्कूटरचा कारखानाही येतो आहे.

एवढे सगळे ज्या शहरात आहे, तिथे बारा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने कायद्याच्या चौकटीत, हेल्मेट घालून, जाणत्या माणसाच्या नजरेखाली छोटी मोटारसायकल चालवायला शिकावी अशी सार्वजनिक जागा नाही. मला या लेखात त्या जागेबद्दलच बोलायचे आहे. पण त्याआधी इंग्लंडमधल्या एका खेळाची गोष्ट सांगायला हवी, कारण जागा गेली की खेळाडू कसे आटतात याचा इतका स्पष्ट दाखला माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

त्या खेळाचे नाव स्पीडवे. तीनशे-साडेतीनशे मीटरची लंबगोल धावपट्टी, वर भुगा केलेल्या खडीचा सैल थर. चार स्वार, चार फेऱ्या, सगळी वळणे डावीकडे. गाडी ५०० सीसीची, इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाही. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवायचे, डावा पाय जमिनीला टेकवायचा आणि थ्रॉटलच्या जोरावर गाडी वळवायची. त्या डाव्या बुटाखाली पोलादी तळ बांधलेला असतो. एक शर्यत साधारण मिनिटभरात संपते. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला शून्य.

हा खेळ १९२०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या जत्रांच्या मैदानांवर रुजला आणि १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या हाय बीच इथे त्याची मोठी सुरुवात ब्रिटनमध्ये झाली. काही वर्षांत तो गावोगावी पसरला. १९३६ मध्ये वेम्बलीला पहिली जागतिक अजिंक्यपदाची लढत झाली. कारखान्यात आठवडाभर राबणारे लोक संध्याकाळी सहकुटुंब स्टेडियमवर जात. आपल्या गावचा संघ, आपल्या ओळखीचा स्वार, कुंपणापर्यंत उडणारी धूळ. कामगार वस्तीचा हा खेळ होता, म्हणून उस्मानपुऱ्यात बसून त्याच्याबद्दल वाचताना तो परका वाटत नाही.

मग जमिनीचे भाव चढले. स्पीडवेचे क्लब बहुधा भाडेकरू. मैदान दुसऱ्याच्या मालकीचे, बऱ्याचदा कुत्र्यांच्या शर्यतींबरोबर वाटून घेतलेले. मालकाला घरे बांधायची असली की क्लब बाहेर. विम्बल्डनचा क्लब २००५ नंतर थांबला. रेडिंगचे स्मॉलमीड २००८ मध्ये गेले. कॉव्हेन्ट्रीचे ब्रँडन स्टेडियम १९२८ पासूनचे, तिथली शेवटची शर्यत २०१६ मध्ये झाली. स्विंडन २०१९ नंतर थंडावले. वुल्वरहॅम्प्टन आणि पीटरबरो हे दोन्ही क्लब २०२३ च्या हंगामानंतर बेघर झाले. मँचेस्टरला २०१६ मध्ये नवे राष्ट्रीय स्पीडवे स्टेडियम उभे राहिले, ऑक्सफर्डचा क्लब २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. या चांगल्या गोष्टी, पण गेलेल्या जागांची भरपाई त्यांनी होत नाही.

मैदान बंद पडले की प्रेक्षकाची एक संध्याकाळ जाते, हे सगळ्यांना दिसते. त्या मैदानाच्या आधाराने शिकणारी पोरे कुठे जातात, ते मात्र दहा वर्षांनी कळते. एके काळी ब्रिटनमध्ये मुख्य सामना संपल्यावर ‘सेकंड हाफ’ असे. त्यात क्लबची नवशिकी मुले त्याच पट्टीवर, उरलेल्या प्रेक्षकांसमोर धावत. पट्टी तयार होती, रुग्णवाहिका उभी होती, दिवे लागलेले होते. त्यामुळे शिकण्याचा वेगळा खर्च फारसा नव्हता. हळूहळू ती प्रथा आटत गेली. आज तिथल्या मुलासाठी १२५ सीसी, मग २५० सीसी, मग ५०० सीसी अशी पायरी आहे, युवा स्पर्धाही आहेत. पण सरावासाठी बापाने व्हॅनमध्ये गाड्या घालून लांबचे अंतर तोडायचे, इंजिनांची देखभाल स्वतः करायची आणि टायर-इंधनाचे पैसे स्वतः भरायचे. ज्या घराला हे झेपते त्याच घरातला मुलगा पुढे जातो.

परिणाम अजिंक्यपदांच्या यादीत दिसतो. पीटर कॉलिन्स १९७६, मायकेल ली १९८०, मग थेट गॅरी हॅवलॉक १९९२, मार्क लोरॅम २०००, आणि त्यानंतर तेरा वर्षांनी टाय वॉफिंडन. वॉफिंडन २०१३, २०१५ आणि २०१८ असा तीन वेळा जगज्जेता झाला. त्याचा जन्म इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पचा, पण तो वाढला ऑस्ट्रेलियात, पर्थला. लहानपणी गाडी चालवायला तो तिथे शिकला. ब्रिटनच्या सर्वांत यशस्वी स्वाराची पहिली शाळा ब्रिटनमध्ये नव्हती, ही गोष्ट तिथल्या लोकांनी फार मनाला लावून घ्यायला हवी होती.

त्यांनी काहीच केले नाही असे नाही. २०२१ पासून वरच्या लीगमध्ये प्रत्येक संघात एक ‘रायझिंग स्टार’, म्हणजे तरुण स्वार, ठेवण्याचा नियम आला. त्याच वर्षी ब्रिटनने मँचेस्टरला ‘स्पीडवे ऑफ नेशन्स’ जिंकली. तरीही माझे मत असे की, संघात जागा राखून ठेवल्याने स्वार तयार होत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, नऊ-दहा वर्षांच्या वयात तयार व्हायला लागतो.

पोलंडकडे पाहिले की हे पटते. तिथल्या लीगमध्ये २१ वर्षांखालच्या पोलिश मुलांना संघात घ्यावेच लागते, म्हणून क्लबांना लहान मुलांत पैसा घालणे भाग पडते. पण नियमाइतकीच महत्त्वाची आहेत तिथली छोटी मैदाने. गोझूफ शहराजवळच्या वाव्रूफ गावात बोगुस्वाफ नोवाक या जुन्या स्वाराने मुलांसाठी मिनी-ट्रॅकवर शाळा चालवली. अपघाताने त्यांना व्हीलचेअरवर आणले होते. त्याच खुर्चीत बसून ते पोरांना शिकवत. त्या शाळेतला एक मुलगा बार्टोश झ्मार्झलिक. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत तो सहा वेळा जगज्जेता झाला. वाव्रूफची ती पट्टी जगातल्या कुठल्याही भव्य स्टेडियमपेक्षा मला मोलाची वाटते.

आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायला नको. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून पूर्ण केले. लाल मातीत हजारो लोकांसमोर कुस्त्या झाल्या. पण मल्ल खासबागेत घडला नाही; तो गल्लीतल्या तालमीत घडला, पहाटे अंगाला माती लावत. गल्लीतली तालीम मोडली तर खासबाग कितीही मोठे असले तरी त्यात उतरणार कोण?

महाराष्ट्रातल्या दुचाकी शर्यतींचे दुखणे नेमके हेच आहे. रस्त्यावरच्या मोटारसायकल शर्यतींचे, म्हणजे डांबरी ट्रॅकचे राष्ट्रीय सामने मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाई इथे आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होतात. पुण्याचा सार्थक चव्हाण वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी होंडाच्या टॅलेंट कपमध्ये शर्यती जिंकत होता, पण त्याला धावायला जावे लागे ते दक्षिणेला. आपल्या शहरापासून चेन्नई रस्त्याने हजार किलोमीटरहून लांब. उस्मानपुऱ्यातल्या फिटरच्या मुलाने तिथे किती वेळा जायचे आणि कुणाच्या पैशावर?

मातीवरच्या शर्यतींत पुण्याने थोडी वाट काढली आहे. ऋग्वेद बारगुजेसारखा स्वार तिथून देशात नाव कमावून आहे. २८ जानेवारी २०२४ रोजी बालेवाडीच्या क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगचा पहिला सामना झाला. परदेशी स्वार आले, दिवे-संगीत सगळे झाले, आणि ८५ सीसीच्या गटात लहान मुलेही धावली. ही मुले त्या संध्याकाळची खरी कमाई होती. पण मैदानात माती आणून उभे केलेले असे ट्रॅक सामन्यानंतर काढले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेक्षकांतल्या एखाद्या मुलाला वाटले की आपणही शिकावे, तर त्याने जायचे कुठे, हा प्रश्न तसाच राहतो. चारचाकीच्या बाबतीत कोल्हापूरकरांनी त्याचे उत्तर शोधले. मोहिते कुटुंबाने तिथे कार्टिंगचा ट्रॅक आणि अकादमी उभी केली. कृष्णराज महाडिक हा कोल्हापूरचा मुलगा पुढे ब्रिटनच्या फॉर्म्युला-३ मालिकेत उतरला. जवळ ट्रॅक असला की काय होते, त्याचे हे घरचे उदाहरण.

आता धोक्याबद्दल बोलायला हवे, कारण प्रत्येक आईच्या मनात तोच प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळूरूचा श्रेयस हरीश पडला आणि गेला. तेरा वर्षांचा होता. त्याच्याबद्दल लिहिताना हात थांबतो. कुणाच्या माथी दोष मारायचा म्हणून मी हे लिहीत नाही. त्या घटनेने मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायला लावली: मुलाने डांबरावर, मोठ्या वेगात, गर्दीच्या शर्यतीत उतरण्याआधी त्याच्या पायाखालून सैल मातीची किती वर्षे जायला हवीत? माती घसरते, पण हळू घसरते. ५० किंवा ११० सीसीच्या गाडीवर मुलगा पडतो, उठतो, पुन्हा बसतो. मागचे चाक सुटले की हातांनी काय करायचे, हे शरीर तिथे शिकते.

आणि ट्रॅक नसल्याने मुले गाडीपासून दूर राहतात, असे कुणी समजू नये. ती रात्रीच्या मोकळ्या रस्त्यांवर येतात, हेल्मेटशिवाय, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर. मोटार वाहन कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवता येत नाही. ५० सीसीपर्यंतच्या गाडीला सोळा वर्षांची सूट आहे, एवढेच. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड ठेवला. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. कायदा कडक आहे आणि तो असायलाच हवा. पण त्यातला ‘सार्वजनिक ठिकाणी’ हा शब्द नीट वाचा. कुंपणाच्या आत, परवानगीने चालणाऱ्या ट्रॅकवर मुलाला शिकवणे हा गुन्हा नाही. कायद्याने ठेवलेला तेवढाच दरवाजा उघडा आहे आणि आपण त्यापुढे मैदान बांधलेले नाही.

किती जागा लागेल? तीनशे मीटरची लंबगोल पट्टी, बारा मीटर रुंद, भोवती मऊ कुंपण आणि मोकळी जागा धरून, चार एकरांत नीट बसते. डांबर नको, काँक्रीट नको. वर मुरूम टाकायचा आणि दाबायचा. मुरमाची या भागात ददात नाही. शेंद्रा-बिडकीनची ऑरिक वसाहत सुमारे १०,००० एकरांची आहे. त्यातले चार एकर म्हणजे किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

पाण्याचा प्रश्न खरा आहे. धूळ बसवायला आणि मुरूम धरून ठेवायला पट्टीवर रोज पाणी मारावे लागते, आणि या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. पिण्याचा एक थेंबही यासाठी खर्च करू नये. कांचनवाडीला महापालिकेचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे. तिथले शुद्ध केलेले पाणी टँकरने आणता येईल. आवाजाचाही प्रश्न येईल, म्हणून जागा वस्तीपासून दूर हवी. आणि सरावाच्या प्रत्येक दिवशी तिथे रुग्णवाहिका आणि प्रशिक्षित माणूस हवाच. त्यावाचून फाटक उघडू नये.

गाड्यांचा खर्च मुलांच्या घरांवर टाकला तर ब्रिटनची चूक आपण इथे पुन्हा करू. गाड्या क्लबच्या असाव्यात, आठ-दहा, एकसारख्या, कमी ताकदीच्या. मुलाने फक्त स्वतःचे बूट आणावेत. हेल्मेट आणि छातीचे कवचही तिथेच मिळावे. गाड्यांची देखभाल तंत्रनिकेतनाच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी करावी. इंजिन उघडून बसवायला उत्सुक असलेली शेकडो मुले स्टेशन रोडवर रोज ये-जा करतात. कारखान्यांतून निवृत्त झालेले, हातात कला असलेले फिटर आणि टेस्ट रायडर या शहरात आहेत. त्यांना कुणी बोलावले तर ते येतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

यातून जगज्जेता निघेल असे वचन मी देत नाही. शंभरातली नव्वद मुले दोन वर्षांनी दुसऱ्या कशात तरी रमतील. पण ती रस्त्यावर गाडी चालवतील तेव्हा ब्रेक कधी दाबायचा आणि कधी नाही, हे त्यांना ठाऊक असेल.

म्हणून माझी विनंती तिघांना आहे. महापालिका आणि जिल्हा क्रीडा परिषदेने जागा शोधावी. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखानदारांनी आपल्या सामाजिक निधीतून पहिल्या दहा गाड्या आणि कुंपण द्यावे. आणि वाचकहो, तुमच्या घरात बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल आणि तिचा जीव गाडीत अडकला असेल, तर किल्ली लपवून ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या नगरसेवकाला पत्र लिहा आणि चार एकर मुरूम मागा.