ताणाने कळी निघते का?

संगमनेर, राहाता, श्रीगोंद्याकडच्या डाळिंब बागांत एक समज पक्का आहे: कळी ताणाने, म्हणजे पाणी तोडल्याने, निघते आणि ताण कमी पडला तर इथ्रेल हे औषध ती काढून देतं. मग ताण लांबवायचा, औषध वाढवायचं. प्रत्यक्षात आपल्या हवामानात डाळिंबाला पाणी मिळत राहिलं, तर ते वर्षभर अधूनमधून फुलतच असतं. पाणी तोडलं की शेंड्यांची वाढ थांबते, काडी पिकते, तिच्यात अन्न साठतं. इथ्रेलमधून सुटणारा इथिलीन वायू पानं गाळतो. पुढे छाटणी, खत आणि पाणी मिळालं की सगळी बाग एकदम फुटते. आंबिया, मृग किंवा हस्त यांपैकी हवा तो बहार धरता येतो, तो यामुळेच. ताण कळीची वेळ ठरवतो. कळीचं भांडवल काडीत आधीच असावं लागतं.

जीवशास्त्रातल्या प्रवर्तनाचा, म्हणजे बाहेरच्या संदेशाने पेशींना कामाला लावण्याचा, हा मूळ नियमच आहे: संदेश फक्त सुरुवात करून देतो, तयारी घेणाऱ्याची आधीच असावी लागते. 1924 साली हान्स श्पेमान आणि हिल्डे मान्गोल्ड यांनी न्यूट या उभयचर प्राण्याच्या फिकट भ्रूणातला छोटा तुकडा गडद न्यूटच्या भ्रूणाच्या पोटाकडे बसवला, तर तिथे दुसरा भ्रूण आकार घेऊ लागला. सगळा आराखडा तुकड्यानेच आणला असं वाटेल. पण रंगावरून दिसलं, की नव्या मज्जारज्जूच्या बहुतेक पेशी यजमानाच्या, म्हणजे गडद भ्रूणाच्या, होत्या. पुढे 1932 मध्ये तुकडा मारून बसवला तरी मज्जा-ऊती तयार झाली. उलट यजमानाचं वय थोडं पुढे सरकलं, की जिवंत तुकड्याचाही उपयोग होत नाही. प्रसूतीच्या कळा आणतानाही डॉक्टर आधी गर्भाशयाचं मुख किती मऊ झालंय ते तपासतात. 1964 सालचा बिशप गुणांक त्यासाठीच आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप: शेजाऱ्याने जास्त इथ्रेल मारलं आणि बाग कळ्यांनी भरली, त्याचं काय? त्याच्या झाडांना मागचा माल उतरल्यावर किती विश्रांती मिळाली होती, ते आधी विचारावं. थकल्या झाडावरही कळी निघते, पण त्यात नर फुलं जास्त, म्हणून सेटिंग होत नाही. ताण किंवा इथ्रेलचा संदेश बिनकामाचा आहे, असा याचा अर्थ नाही. तो नसेल तर सशक्त बागही तुकड्यातुकड्याने फुलते आणि तोडणी लांबत जाते. पण ताणाचे दिवस शेजाऱ्याकडे बघून ठरवता येत नाहीत. मुरमाड रानात तो लवकर बसतो, प्रवरा नदीकाठच्या काळ्या जमिनीत उशिरा.