अठरा तेर्सांचा रस्ता

पहाटे अडीचला म्हापशाच्या एका हॉलमध्ये ट्यूबलाइट लागली आणि व्हॅसलीनची डबी हातोहात फिरू लागली. बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन, वर पातळ मोजे, त्यावर जाड मोजे. आदल्या दिवशी बांद्याहून चालताना माझ्या टाचेला फोड आला होता. रात्री एका तियाने, म्हणजे मावशीने, त्यातून सुईदोरा ओवला आणि दोरा तसाच आत ठेवला, म्हणजे पाणी झिरपून जातं. डॉक्टर याला नाक मुरडतील. पण सकाळी मला चप्पल घालता आली. चारपाच जण मात्र अनवाणीच होते. त्यांच्या पायांना सल्ला द्यायची कुणाची हिंमत नव्हती.

आम्ही साठेक जण, जुन्या गोव्याला पायी निघालेले. बहुतेक सावंतवाडीकडचे कॅथलिक, आणि शेजाऱ्यांच्या ओढीने आलेला माझ्यासारखा एखादा. जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, नोव्हेना 24 नोव्हेंबरला सुरू होतं आणि 3 डिसेंबरला फेस्त. हा माणूस 1542 मध्ये गोव्यात उतरला आणि 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. मधल्या दहा वर्षांत त्याने जपानपर्यंतचा पल्ला गाठला. त्यापुढे आमचे तेवीस किलोमीटर म्हणजे काहीच नाही, असं हमरस्त्याला लागेपर्यंत वाटत होतं.

पुढे क्रूस, त्यामागे खांद्यावर भोंगा घेतलेला पोरगा, मग बायका, मग आम्ही. शेवटी लाल दिवा लुकलुकवत बॅगांचा टेम्पो. अंधारात ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. अशा वेळी भोंग्यातून तेर्स सुरू होतो.

तेर्स म्हणजे रोझरी. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ तिसरा हिस्सा. पूर्वी अख्खी रोझरी पंधरा दशकांची असे (दर दशकाला मनन करायचं एक ‘रहस्य’), त्यातली पाच एका बैठकीला म्हणायची, म्हणून तेर्स. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी आणखी पाच रहस्यं जोडली आणि हिशेब बिघडला, पण नाव राहिलं. शुक्रवार होता, म्हणून दुःखाची रहस्यं. त्रेपन्न वेळा ‘नमान मोरिये’, म्हणजे हेल मेरी: अर्धं पुढच्याने म्हणायचं, अर्धं सगळ्यांनी.

माझ्या शेजारी चालणाऱ्या अंकलना देवाइतकाच अंतरातही रस होता. ही त्यांची बारावी खेप. “एक तेर्स म्हणजे सतरा मिनिटां, सव्वा किलोमीटर,” त्यांनी सांगितलं. “म्हापसा ते ओल्ड गोवा, अठरा तेर्स.” सलग अठरा कुणी म्हणत नाही, मध्ये गाणी असतात, मुकाट्याने चालणं असतं, चहा असतो. पण मोजायचं तेर्सांतच.

पर्वरीच्या उतारावर या मापाचा खरा उपयोग कळला. उताराला पाय आपोआप पळतात, बोटं चपलेच्या पुढच्या पट्ट्यावर आदळतात आणि रांग रबरासारखी ताणली जाते. पुढची तरुण मुलं मांडवीचा पूल दिसताच सुटली. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी ओरडलं नाही. भोंगा तेवढा मागे आला, सत्तरीच्या एका तियाच्या हातात. ती प्रत्येक शब्द सुपारी चघळावी तशी चघळत म्हणू लागली. उत्तर द्यायचं तर तिचं अर्धं संपेपर्यंत थांबणं भाग. आणि थांबलेल्या जिभेबरोबर पायही थांबतात. दहाएक मिनिटांत रांग पुन्हा जुळली. तरी एक पोरगा कुरकुरलाच. ती भोंग्यातूनच म्हणाली, “सावकाश चल रे, सायब काय पळान जातलो नाय!”

मांडवीवर उजाडलं. खाली कॅसिनोच्या बोटी होत्या, त्यांचे दिवे पहाटेच्या उजेडात ओशाळल्यासारखे दिसत होते. पणजीत चहा आणि पाव, आणि मग रायबंदरकडे जाणारा तो सरळसोट बांध. पोर्तुगिजांनी 1633-34 मध्ये बांधलेला, सुमारे तीन किलोमीटरचा. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी. वळण नाही, चढ नाही, मोजायला काहीच नाही. इथेच सगळे गळतात. अंकलच्या मापाने अडीच तेर्सांचा बांध. आम्हाला पूर्ण तीन लागले आणि वर एक गाणं. “आज तेर्स आखूड झालो,” ते म्हणाले.

नऊच्या सुमाराला जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचा गिलावा नसलेला तांबडा जांभा दिसला. जत्रेत खाजं, फर्निचर, मेणबत्त्यांच्या टोपल्या आणि मेणाचे हात, पाय, डोळे. ज्या अवयवाचं दुखणं, तो घेऊन वाहायचा. आमच्यातल्या तिघांनी पाय घेतले, एकाने जोडी. भोंगेवाल्या तियाने मेणाचं एक बाळ घेतलं. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

मग दर्शनाची रांग. सहा तास चाललेल्या पायांना उभं राहणं फार जड जातं, पोटऱ्या थरथरू लागतात. तियाने पुन्हा मण्यांची माळ काढली. तो तेर्स संपला तेव्हा आम्ही जेमतेम वीस पावलं सरकलो होतो. अंकलनी तो हिशेबात धरला नाही.