काटा स्थिर होईपर्यंत

मागच्या महिन्यात नगरच्या एका कॉलेजची जुनी प्रयोगशाळा रिकामी झाली. डिफ्लेक्शन मॅग्नेटोमीटर भंगाराच्या ढिगात पडलेले पाहिले आणि पोटात तुटलं. जिल्हा आता अहिल्यानगर झाला. मॅग्नेटोमीटरच्या त्या लाकडी फळ्यांवर मी शिकवलं ते नगरमध्ये, 1980 ते 1990. पुढची वर्षं रजिस्टरं भरण्यात गेली.

त्या दहा वर्षांत चुंबकीय परिबल पोरांच्या हाताला कळायचं. ध्रुवाची तीव्रता गुणिले ध्रुवांमधलं अंतर, ही व्याख्या घोकून गुण मिळत. अर्थ टेबलावर उमगे: चुंबकीय क्षेत्रात तिरपा धरलेला चुंबक वळू पाहतो, आणि त्याच क्षेत्रात तेवढाच तिरपा धरल्यावर जो अधिक जोराने वळू पाहतो त्याचं परिबल मोठं. टॅन ए स्थितीत फळी पूर्व-पश्चिम लावायची, चुंबक उलटसुलट करून आठ रीडिंगं घ्यायची. एकदा अकोले तालुक्यातल्या एका मुलीचा काटा जागेवर येईना. शेवटी दोष निघाला शेजारच्या लोखंडी स्टुलाचा. तेव्हा मी वर्गाला सांगितलं, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 साली अलिबागला न्यावी लागली. आमच्या टेबलावरचं हे मोजमाप गाऊसने 1832 मध्ये केलं होतं: चुंबकाच्या झोक्यांवरून परिबल आणि पृथ्वीचं क्षेत्र यांचा गुणाकार, विचलनावरून भागाकार. दोन्ही अज्ञात राशी हाती!

त्या मुलीच्या घरामागे कळसूबाईचा डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्या डोंगराचा लाव्हा थंड होताना त्यातल्या खनिजकणांची परिबलं तेव्हाच्या क्षेत्राच्या दिशेने गोठली. 1956 मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनचे असे खडक मोजून भारत दक्षिणेकडून सरकत आल्याचा पुरावा मांडला. वर्गात हे ऐकून ती पुढच्या सोमवारी पिशवीभर दगड घेऊन आली.

‘यात वेळ घालवू नका, पेपर सोडवून घ्या,’ असं सांगणारे सहकारी तेव्हाही होते. त्यांचं म्हणणं खरं ठरलं याचा मला आजही राग येतो. आता सीईटीच्या क्लासपायी प्रॅक्टिकलची वही एकमेकांची बघून भरली जाते.

भंगारवाल्याकडून एक मॅग्नेटोमीटर सोडवून आणला. बारावीतल्या नातवाला परिबल विचारलं. वेटोळ्यातली विद्युतधारा गुणिले त्याचं क्षेत्रफळ, त्याने बिनचूक सांगितलं. फळी पूर्व-पश्चिम लाव म्हटल्यावर दिशा बघायला त्याने खिशातून मोबाईल काढून फळीवर ठेवला.

‘तो आधी बाहेर ठेवून ये,’ म्हटलं, ‘काटा हलतोय बघ.’