गामा आणि न आलेला वारा

या रे बाळांनो, जवळ बसा. आज वाऱ्याची गोष्ट सांगतो.

१४९८ सालच्या २४ एप्रिलला वास्को द गामानं आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून शिडं उभारली. तिथल्या राजानं त्याला एक जाणता नाखवा दिला होता. २३ दिवस नुसतं पाणी, आणि मग केरळचे डोंगर दिसले! उन्हाळ्यात आपली जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा नैऋत्येकडून धावत येते. त्या वाऱ्यानंच गामाला इकडे आणलं. थंडीत जमीन गार पडते आणि वारा उलटा फिरतो, ईशान्येकडून. अरबी आणि गुजराती खलाशी शेकडो वर्षं याच हिशेबानं ये-जा करत.

गामा मात्र थंडीचा वारा धरायच्या आतच परत निघाला. ५ ऑक्टोबरला कारवारजवळचं अंजदीव बेट सोडलं, आणि वारा पडला. आला तरी तोंडावर. तीन महिने जमीन दिसली नाही. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले. तीसेक माणसं गेली. हा स्कर्व्ही. ताजी फळं, भाजी नाही म्हणजे क जीवनसत्त्व नाही, आणि ते नसलं की शरीराला कोलॅजन नीट बांधता येत नाही. कोलॅजन म्हणजे हिरड्या, कातडी, रक्तवाहिन्या घट्ट धरून ठेवणारा धागा.

आता नवल ऐका. त्याच जहाजांच्या तळात उंदीर असणारच, पण त्यांना हा रोग होत नाही! उंदीर, शेळी, कुत्रा आपापल्या यकृतात हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करतात. माणसाच्या आणि माकडाच्या पूर्वजांत त्यासाठी लागणारं एक जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वीच निकामी झालं.

७ जानेवारीला मालिंदी आली. गामानं आजाऱ्यांसाठी संत्री मागवली, तरी काहीजण वाचले नाहीत. तीन जहाजं हाकायला माणसं उरली नव्हती, म्हणून ‘साओ राफाएल’ जाळून टाकावं लागलं.

पुढचंही सांगायला हवं. १५०२ साली तो परत आला तेव्हा त्यानं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं. गामा धाडसी होता, तितकाच क्रूरही. आणि पुस्तकात त्यानं हिंदुस्थानचा मार्ग ‘शोधला’ असं वाचाल, तेव्हा मालिंदीच्या त्या नाखव्याची आठवण ठेवा. अरबी समुद्र ओलांडायची वाट त्याला आधीच ठाऊक होती.